‘लक्षात ठेवील’ म्हणे

परवा रात्री लाइट गेली तेव्हा गेममधला आयर्नराथचा किल्ला जळून राहिला होता अन् माझ्या लॅपटॉपची बॅटरी ११ टक्क्यांवर होती. सेतू केंद्राचा इन्व्हर्टर दिवसभर सातबारे छापून छापून आधीच मेलेला. दोन मिनिटं वाटलं पुरते, नाही पुरली. सकाळी लाइट आल्यावर उघडलं तर तो सीन पुन्हा बराच मागून सुरू, म्हणजे तोच किल्ला मी दुसऱ्यांदा जळताना पाहिला, अन् दुसऱ्यांदा पाहताना डोक्यात आलं की या गेमवर एकदाचं लिहूनच टाकावं, मामेभावाशी फोनवर भांडून काही होत नाही.

गेम जुना आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ सिरियलवर टेलटेल नावाच्या अमेरिकन कंपनीनं काढलेला, सहा एपिसोडचा, पहिला डिसेंबर २०१४ मध्ये आला अन् शेवटचा नोव्हेंबर २०१५ मध्ये. मी सेलमध्ये स्वस्तात घेऊन ठेवला होता, एकदा खेळलो, अन् आता धान चुरून झालं, पोती घरात आली, खरेदी केंद्राची नोंदणी करणाऱ्यांची गर्दी थोडी ओसरली तेव्हा दुसऱ्यांदा काढला. पुढे सगळं सांगून टाकणार आहे, कोण मरते, कोण फितूर होते, सगळं. ज्याले खेळायचं असेल त्यानं इथूनच परत फिरावं, नंतर शिव्या देऊ नये.

मामेभाऊ पुण्याले असतो, त्याच्याकडे मोठी मशीन आहे, लाइटिंगवाला कीबोर्ड आहे, त्याचं मत एका वाक्यात असं की “बेकार गेम होय बे, तू काहीही दाब, शेवट ठरलेलाच आहे.” अन् तो खोटं बोलत नाही. पण मले वाटते त्यानं बरोबर ठिकाणी बोट नाही ठेवलं.

आधी गोष्ट. सिरियलमधले मोठे घराणे स्टार्क, लॅनिस्टर वगैरे सगळ्याइले माहीत आहेत. गेम त्याइच्यावर नाहीच. गेम आहे फॉरेस्टर नावाच्या एका बारक्या घराण्यावर, उत्तरेकडच्या जंगलात राहणारं, स्टार्कांचं मांडलिक, सिरियलमध्ये ज्याले कोणी विचारत नाही असं. सिरियलच्या तिसऱ्या सीझनच्या शेवटी लग्नात जी कत्तल होते त्याच रात्री गेम सुरू होतो, आपण मंडपात नाही, मंडपाच्या बाहेर घोड्याजवळ उभे, मालकाच्या हत्यारं-चिलखताची देखभाल करणारा गॅरेड नावाचा पोरगा बनून. आत काय झालं ते आपल्याले सिरियलमुळे माहीत, त्याले नाही माहीत. हे लय भारी जमवलंय. गावात एखाद्या मोठ्याच्या घरी राडा होते अन् बाहेर ट्रॅक्टरवर बसलेल्या ड्रायव्हरचं काय होते हे कोणी विचारत नाही ना, तसं.

अन् या फॉरेस्टरांची सगळी दौलत म्हणजे लाकूड. आयर्नवूड म्हणून एक झाड, इतकं कडक की त्याच्या ढाली अन् जहाजं बनवतात. शेजारचे व्हाइटहिल त्याइचे पिढीजात दुश्मन, अन् त्याइचा डोळा याच जंगलावर. वरून आदेश येतो की अर्धं जंगल व्हाइटहिलले द्या. इथं मी जो गुंतलो तो गुंतलोच, कारण भाऊ, आपण चंद्रपूर जिल्ह्यातले, आपल्याले सागवान काय असते ते कोणी शिकवायले नको. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपुरातून सागवान गेलं तेव्हा मिरवणूक निघाली होती, ढोलताशे, फुलं, सगळं. अन् आमच्या गावात आबाजीनं घराचा आडा बसवाले एक लाकूड आणलं होतं, त्याचा परवाना अजून पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे, घडीवर घडी घालून, कोणी विचारलं तर दाखवाले. झाड दारासमोरचं अन् हुकूम वरचा, ही गोष्ट आम्हाले फँटसी वाटतच नाही. गेमवाल्याइनं ड्रॅगन टाकला असता फक्त तर मी दोन एपिसोडात सोडून दिला असता, लाकडानं धरून ठेवलं.

बरं, खेळायचं काय असते यात? तलवारबाजी कमी, बोलणं जास्त. समोरचा काहीतरी बोलतो, खाली तीन-चार उत्तरं येतात, अन् एक पट्टी सरकत सरकत संपत जाते. पट्टी संपायच्या आत उत्तर निवडायचं. नाही निवडलं तर आपण गप्प राहिलो असं धरतात. गप्प राहणं हेही एक उत्तरच.

आता माझी अडचण ऐका. मराठी तर सोडाच, हिंदीतही काही नाही गेममध्ये. इंग्रजी मले येते, फॉर्म भरण्यापुरती चांगलीच येते, पण तीन वाक्यं वाचून त्यातलं कोणतं जास्त उर्मट आहे अन् कोणतं कमी हे पाच-सात सेकंदात ठरवाचं म्हणजे ओटीपीसारखं होते. ज्याइनं सेतू केंद्रावर काम केलं त्याइले कळेल, म्हातारा खिशातून मोबाइल काढते, चष्मा शोधते, मेसेज उघडते, एकेक आकडा वाचते अन् चौथ्या आकड्यावर टाइम संपते. पहिल्यांदा खेळलो तेव्हा पहिल्या एपिसोडात मी तो म्हातारा होतो. लुड व्हाइटहिल दरबारात येऊन वाट्टेल ते बोलते, अन् माझा इथन फॉरेस्टर, मिसरूड न फुटलेलं पोरगं, बाप गेल्यामुळे लॉर्ड झालेलं, ते नुसतं पाहते. एकदा गप्प. दोनदा गप्प. मी काही ठरवून गप्प नव्हतो, मी वाचून राहिलो होतो! पण पडद्यावर ते असं दिसलं की पोरगं एकतर भेदरलं आहे नाहीतर लय खोल पाण्यातलं आहे. अन् दरबारातले बाकीचे लोक त्याच्याकडे पाहून एकमेकाकडे पाहतात. माझ्या इंग्रजीनं त्या पोराचा स्वभाव बनवला. हे कंपनीनं ठरवून केलं नसेल पण मले या गेममधलं सगळ्यात जास्त आवडलेलं हेच.

तर हा इथन. त्याच्याकडून आपण कामं करून घेतो, चोरी करणाऱ्या एकाले शिक्षा काय द्यायची (बोटं तोडायची, उत्तरेच्या बर्फाच्या भिंतीवर पहाऱ्याले पाठवायचं की सोडून द्यायचं), अन् मुख्य कारभारी कोणाले करायचं, डंकन नावाचा समजूतदार माणूस की सर रॉयलँड नावाचा तापट. मी लय विचार केला. चहा थंड झाला. डंकनले निवडलं कारण तो शांत वाटला. मग शेवटी रॅम्से येते, सिरियलमधला क्रूर खलनायक. सिरियल पाहिलेल्याइले सांगायची गरज नाही रॅम्से काय चीज आहे, अन् आवाजही त्याच नटाचा, इवान रिऑनचा. तो हसत हसत येते, गोड बोलते, इथनच्या जुळ्या बहिणीले, टालियाले, हात लावते, इथन उभा राहते, अन् रॅम्से त्याच्या गळ्यात चाकू घालते. खलास. पहिलाच एपिसोड. ज्याच्यासाठी मी दोन तास डोकं चालवलं ते पोरगं फरशीवर पडलं आहे अन् बहीण ओरडून राहिली.

मी लगेच पुन्हा खेळलो तो सीन. नरम बोललो, मेला. गरम बोललो, मेला. गप्प राहिलो, तरी मेलाच. मामेभाऊ म्हणते हीच फसवणूक. मी म्हणतो नाही, इथं फसवणूक काहीच नाही. रॅम्सेसमोर बारक्या घराण्याचं पोरगं काय बोलते यानं फरक पडला असता तर ते खोटं वाटलं असतं. हा सीन या गेममधला सगळ्यात प्रामाणिक सीन आहे.

फसवणूक दुसरीकडे आहे. उत्तर दिलं की वर डाव्या बाजूले एक बारीक ओळ उमटते, अमुक हे लक्षात ठेवील. लुड हे लक्षात ठेवील. मार्जरी हे लक्षात ठेवील. सरसे हे लक्षात ठेवील (या दोघी सिरियलमधल्या, एक राजाची होणारी राणी, एक राजाची आई). पहिल्या दोन एपिसोडात ती ओळ आली की पोटात गोळा येते, आता हा माणूस पुढे कुठेतरी हे उकरून काढणार. चौथ्या एपिसोडापर्यंत कळते की बहुतेक जण काहीच लक्षात ठेवत नाहीत. लुडच्या अंगठीचं चुंबन घ्यायचं की नाही, म्हणजे सगळ्या लोकासमोर वाकायचं की नाही, यावर मी जीव जाळला, दुसऱ्या वेळी उलटं करून पाहिलं, पुढच्या गोष्टीत जवळजवळ तोच मामला. पोर्टलवर तक्रार टाकली की लगेच मेसेज येतो ना, आपली तक्रार नोंदवली आहे, हा तुमचा क्रमांक, तो क्रमांक लोक माझ्याकडून वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतात अन् दोन महिन्यानं येऊन विचारतात. ती ओळ म्हणजे तो क्रमांक. मरू द्या की इथनले, हरकत नाही, पण ‘लक्षात ठेवीन’ म्हणू नका.

अन् एका ठिकाणी खरंच लक्षात ठेवलंय, म्हणून तर जास्त राग येते. तो कारभारी! ज्याले आपण कारभारी केलं नाही तोच पाचव्या एपिसोडात फितूर निघते. मी डंकनले निवडलं होतं तर रॉयलँड फितूर, तुम्ही रॉयलँडले निवडलं तर डंकन. पहिल्या एपिसोडात एका माणसाचा अपमान केला अन् तो चार एपिसोड पोटात घेऊन फिरला. हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. असं करता येत होतं त्याइले! मग बाकीच्या ठिकाणी काहून नाही केलं?

काहून नाही केलं याचं माझं उत्तर असं, अन् हे मी मामेभावाले अजून पटवू शकलो नाही. सिरियल तेव्हा सुरू होती. पाचवा सीझन २०१५ च्या एप्रिलमध्ये लागला, म्हणजे गेमचे एपिसोड अन् सिरियलचे एपिसोड एकाच वर्षी लोक पाहून राहिले होते. मग रॅम्सेले गेममध्ये मारता येईल का? नाही, तो एचबीओले, सिरियल दाखवणाऱ्या चॅनलले, लागते. सरसेले, टिरियनले, डेनेरिसले काही करता येईल का? नाही. म्हणजे तिकडून आलेल्या प्रत्येक पात्राभोवती न दिसणारं कुंपण, अन् जे काही व्हायचं वाईट ते फॉरेस्टरांनीच सोसायचं कारण ते तेवढे गेमच्या मालकीचे. पाचव्या एपिसोडात इथनचा थोरला भाऊ रॉड्रिक रॅम्सेवर धावून जाऊ शकते. मी गेलो. हात थरथरून राहिले होते बटण दाबताना. पण मनातून माहीत होतं की हा मरत नाही, मरूच शकत नाही, याच्या तारखा दुसरीकडे बुक आहेत.

तारखा म्हटलं की आपल्याकडचं नाटक आठवते. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोकाइले हे सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो, भाऊबीजेपासून इकडे गावोगाव रात्रभराचे नाटक असतात, मंडई (इकडची जत्रा), शंकरपट (बैलांची शर्यत) असला की नाटक पक्कंच, वडशाच्या नाटक कंपन्या बुक करतात लोक, धानाच्या बांधीत मंडप पडते अन् रात्री दहा-अकराले सुरू झालेलं पहाटे संपते. पोस्टरवर सगळ्यात मोठा फोटो असते कोण्यातरी टीव्ही-सिनेमातल्या स्टारचा. ती बाई किंवा तो नट खरंच येते, पण दोन सीनपुरता. नाटक ओढून नेतात ते वडशा, नवरगावकडचे रोजचे कलाकार, ज्याइचा फोटो पोस्टरवर पोस्टाच्या तिकिटाएवढा.

या गेमचं एकदम तसंच आहे. पीटर डिंक्लेज, लीना हेडी, नॅटली डॉर्मर, किट हॅरिंग्टन, एमिलिया क्लार्क, सगळ्याइनं स्वतः आवाज दिले, हे त्या काळात साधी गोष्ट नव्हती, अन् जाहिरातीत तेच पुढे. पण जॉन स्नो येते, गॅरेडशी दोन गोष्टी बोलते, जाते. डेनेरिस येते, आपला आशर फॉरेस्टर, रॉड्रिकचा धाकटा भाऊ, तिच्याकडे फौज मागाले गेलेला, ती फौज काही देत नाही, आशरले आखाड्यातले मल्ल घेऊन घरी परत जावं लागते. पाहुण्या स्टारले स्टेजवर आणायचं म्हणून अख्खा एक प्रवास लिहिला आहे असं वाटते कधी कधी. आशरची सोबतीण बेस्का मात्र एक नंबर, शिवराळ, जिवाले जीव देणारी, अन् ती सिरियलमध्ये कुठेच नाही. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या फोटोवाली. मेयरा, रॉड्रिक, टालिया, हेही तसेच. गेम यांच्याच जिवावर उभा आहे.

एका स्टारचं मात्र सोनं केलंय. पहिल्या एपिसोडात मेयरा फॉरेस्टर, ही राजधानीत मार्जरीची दासी, हिले सरसे बोलावून घेते. मागे सिंहासन, बाजूले टिरियन मजा पाहून राहिला, अन् सरसे विचारते तुझी निष्ठा कोणाशी. साधा सवाल. तलवार नाही, रक्त नाही. पण जे उत्तर द्याल त्यात अडकता, मार्जरीचं नाव घेतलं तर सरसे नाराज, राजाचं घेतलं तर मार्जरी काय म्हणेल, अन् ती पट्टी सरकून राहिली. मी एका मोठ्या साहेबाच्या केबिनमध्ये असाच उभा राहिलो होतो एकदा, केंद्राच्या परवान्याच्या कामाले, ‘तू कोणाचा माणूस’ असं हसत विचारलं होतं त्यानं, अन् मी नुसतं ‘साहेब’ एवढंच म्हटलं होतं. मेयराच्या वेळी पण माझी पट्टी संपली.

दिसायले गेम कसा आहे ते राहिलंच. कंपनीनं याले ऑइल पेंटिंगसारखा लूक द्यायचा प्रयत्न केला, मागचे डोंगर, झाडं, किल्ले ब्रशनं ओढल्यासारखे. मले ते पाहून आपले नाटकाचे रंगवलेले पडदे आठवले, जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, अन् कुठं कुठं काही फ्रेम खरंच सुंदर आहेत, बर्फातून जाणारी प्रेतांची गाडी वगैरे. पण पात्र हललं की त्याच्या कडेले रंगाचे फटकारे वळवळतात, जणू ओल्या रंगात बोट फिरवलं. माझ्या लॅपटॉपवर तर सरसेच्या केसाभोवती मुंग्या लागल्यासारखं दिसते. खऱ्या नटांचे चेहरे मेणाचे वाटतात, ओठ एकीकडे अन् आवाज एकीकडे. सीन बदलताना गेम क्षणभर अडकते, अन् नेमकं रडायच्या सीनले अडकते. मामेभाऊ म्हणते त्याच्याकडे पण अडकते, म्हणजे माझ्या लॅपटॉपचा दोष नाही, एवढ्या एका मुद्द्यावर आमचं एकमत.

मारामारीचं तर बोलूच नका. बाण दाखवतात, वर, खाली, डावीकडे, तसं बटण दाबायचं. चुकलं की मेले, पुन्हा थोडं मागून. पोरांच्या सायमन-सांगतो खेळासारखं. त्यातही बटणाकडेच पाहावं लागते म्हणून मारामारी दिसत नाही. एका ठिकाणी तेवढं जमलं आहे. तिसऱ्या एपिसोडात लुडचा पोरगा ग्रिफ आपल्याच अंगणात रॉड्रिकले, काठीच्या आधारानं चालणाऱ्या माणसाले, खाली पाडते. आपल्या हातात एवढंच की उठायचं की पडून राहायचं. उठलं की पुन्हा मारते. पुन्हा उठायचं? अंगणात आपली माणसं उभी आहेत, पाहून राहिली. इथं बटण दाबण्याले वजन आहे. मी उठलो, प्रत्येक वेळी उठलो, अन् आईनं मागून म्हटलं, “काहून मार खाऊन राहिला गा तो, पडून नाई राहू शकत?”

आई कधी येऊन बसली मले कळलं नव्हतं. सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तिले इंग्रजी कळत नाही, नाटकं मात्र जन्मभर पाहिलेली, त्यामुळे कोण व्हिलन अन् कोण चांगला हे तिले माझ्याआधी कळते. त्या दिवसानंतर ती रोज जेवण झाल्यावर येऊन बसाले लागली अन् मी तिले सांगाले लागलो. आता पट्टी सरकून राहिली असताना आधी वाचा, मग आईले सांगा, मग आई म्हणेल ते दाबा, म्हणजे सगळी कसरतच. दहातल्या सहा वेळा आम्ही दोघंही गप्पच राहिलो.

पाचव्या एपिसोडाच्या शेवटी बंदराजवळ फंदा लागते. आशर जहाजातून उतरला आहे, रॉड्रिक त्याले घ्यायले आला आहे, कित्येक वर्षानं भाऊ भेटून राहिले, अन् चहूकडून व्हाइटहिलची माणसं. एकानं दरवाजा धरून मागं थांबायचं, दुसऱ्यानं पळायचं. थांबणारा मरणार हे स्पष्ट. कोण थांबणार ते आपण ठरवायचं. पहिल्यांदा खेळलो तेव्हा मी रॉड्रिकले थांबवलं होतं, हिशेब सरळ होता, आशर धडधाकट, लढणारा, पुढे कामात येईल. यावेळी मी तोच हिशेब आईले सांगितला. आई एकदम म्हणाली, “लंगडा होय म्हनून काय मरू द्याचं? घर त्यानंच धरून ठेवलं ना इतके दिवस?” अन् दुसरा? तो इतके वर्ष बाहेर होता, म्हणाली, बाहेर राहणाऱ्याले आता तरी घरासाठी करू दे. मी आशरले थांबवलं. मामेभावाले मी हे फोनवर सांगितलं नाही, तो पुण्याले असते, उगाच मनाले लावून घेईल.

इथं बघा, शेवटचा एपिसोड खरंच वेगळा होते. रॉड्रिक राहिला तर वेगळे सीन, आशर राहिला तर वेगळे, लुडले जेवणाच्या टेबलावर विष घालायचा बेत का अंधारात घात करायचा, हेही बदलते. मात्र किल्ला दोन्हीकडे जळते. फॉरेस्टर दोन्हीकडे हरतात. तिकडे गॅरेड बर्फापलीकडे तो नॉर्थ ग्रोव्ह शोधत पहिल्या एपिसोडापासून चालून राहिला, मरणाऱ्या मालकानं सोपवलेलं गुपित, याच्यातच घराण्याचं भलं आहे म्हणून. सहा एपिसोड चालून पोचते, तिथं मालकाची बाहेरची दोन पोरं भेटतात, अन् त्या जागेत नेमकं जपायचं काय आहे हे गेम सांगतच नाही. हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा दोष. किल्ला जाळा, पोरं मारा, चालते, पण एवढं चालवून आणलेल्या माणसाले ‘पुढच्या वेळी सांगतो’ म्हणणं म्हणजे कार्यालयातून सोमवारी या सांगण्यासारखं झालं.

आता प्रत्येक एपिसोडाच्या शेवटी एक पाटी येते, किती टक्के खेळणाऱ्यांनी काय निवडलं ते. मले ती पाटी पाहायले लय आवडते. जगात कुठं कुठं बसून लोकांनी हेच दाबलं. आईले पण सांगतो, “आई, लोकाइनं पण असंच केलं,” किंवा “आपण थोडेच आहोत.” थोडे असलो की ती जास्त खुश होते.

मेयराचं शेवटी असं होते की तिच्यावर खुनाचा आळ येते अन् दोन रस्ते राहतात, एकतर तिले फसवणाऱ्या त्या मॉर्ग्रिन नावाच्या व्यापाऱ्याशी लग्न, नाहीतर मुंडकं. लग्न केलं तर तिच्याऐवजी टॉम नावाचं कोळसा वाहणारं पोरगं मरते, ज्यानं तिले सगळ्यात जास्त मदत केली. पहिल्या वेळी मी मान दिली होती, म्हटलं ताठ मानेनं मरू. या वेळी आईनं पट्टी संपायच्या आत “जगू दे” म्हटलं, टॉमचं मी तिले सांगितलंच नाही. वेळच नव्हता. पाटीवर टक्के किती होते तेही या वेळी वाचले नाहीत.

दुसरा सीझन येणार असं कंपनीनं जाहीर केलं होतं, २०१५ मध्येच. तो आलाच नाही. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीनं अडीचशेच्या आसपास लोकाइले एका फटक्यात घरी बसवलं अन् कारभार गुंडाळला. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणीतरी नाव विकत घेतलं, पण फॉरेस्टरांची गोष्ट तिथंच, जखमी रॉड्रिक कसाबसा वाचून राहिला अन् मागं राख. माझी सेव्ह फाइल लॅपटॉपात आहे. त्यात सगळं नोंदवलेलं आहे, कोणाले काय बोललो, कुठं गप्प राहिलो, अंगठीले वाकलो की नाही.

मामेभाऊ फोनवर म्हणाला, मग सांग ना, दहापैकी किती? मी म्हटलं साडेसहा. तो म्हणाला मी चार देतो. मग म्हणाला, “आत्या काय म्हणते?”

आत्यानं म्हणजे माझ्या आईनं काल भाकरी थापता थापता विचारलं, “काय गा, त्या पोरीचं लगन झालं का मंग?” मले आधी कळलंच नाही कोणत्या पोरीचं, गावातल्या तीन पोरींचे साक्षगंध झालेत या महिन्यात. मग कळलं. मी म्हटलं, पुढच्या भागात आहे.